रकाना धर्माचा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारी पोरे सकाळी डबा घेऊन निघतात आणि दुपार कलल्यावर परत येतात. त्यांतली चार-सहा जणं संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात. कुणी बारावीनंतर सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेतलेले आहे, कुणी रेल्वेच्या आणि बँकेच्या परीक्षांना बसतो आहे. मी निवृत्त शिक्षक. इतिहास शिकवीत होतो. आता त्यांना अर्ज भरून देतो. आपल्याकडे इतिहासाचा सर्वांत खरा तास अर्ज भरतानाच होतो, हे मला नोकरी संपल्यावर कळले.

मागच्या पावसाळ्यात यांपैकी दोघे एकाच दिवशी एकच प्रश्न घेऊन आले. एक बौद्ध. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात ‘नवबौद्ध’ एवढेच लिहिलेले. केंद्राच्या नोकरीसाठी मूळ जातीचा दाखला पाहिजे, आणि तो काढायचा तर आजा-पणजाच्या नावापुढे जात लिहिलेला १९५० पूर्वीचा कागद पाहिजे. दुसरा ख्रिस्ती. त्याच्या पणजोबांनी मांगवाड्यातून उठून मिशनचा धर्म घेतला. आज तो मांगही नाही आणि सरकारच्या लेखी अनुसूचित जातीतलाही नाही. तो म्हणाला, “सर, पणजोबा बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. फॉर्म मला भरायचाय.” पहिला म्हणाला, “ज्याच्यापासून सुटायला आजोबांनी दीक्षा घेतली, त्याचाच दाखला शोधत मी तहसील कचेरीत फिरतोय. खरं लिहू, की सोयीचं लिहू?”

मी त्यांना त्या दिवशी नीट उत्तर दिले नाही. चहा पाजून परत पाठवले. पुढचे लिखाण हे त्या उत्तराची तयारी म्हणून झालेले आहे.

आपल्या भागात ‘रकान्या’चा इतिहास जुना आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेस ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव दाखल आहे. रामजी सकपाळ हे कबीरपंथी, पलटणीतून निवृत्त झालेले, घरी रोज भजन करून घेणारे, पोरांना पहाटे उठवून अभ्यासाला बसविणारे गृहस्थ. पुढे ते दुष्काळी कामावर गोरेगावला खजिनदार म्हणून होते. १९०१च्या सुमारास त्यांची पोरे साताऱ्याहून त्यांना भेटण्यासाठी आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. पोरांचे कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची वाटली. त्यांनी विचारले आणि पोरांनी खरे सांगून टाकले. ते ऐकताच मास्तर मागे सरले. पुढे गाडीवाला गाडीत बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असा सौदा ठरला. रात्री प्यायला पाणी मिळाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती पाठ आहे. परंतु तिच्यातली एक बाब मला अलीकडे जास्त खटकते. नऊ-दहा वर्षांच्या पोराला खोटे बोलणे कठीण नव्हते. मास्तरांचा गैरसमज तसाच राहू दिला असता तर गाडीही मिळाली असती आणि पाणीही. खरे सांगितल्यावर त्याची किंमत काय पडते, हा पहिला धडा भिवाला मसूरच्या फलाटावर मिळाला.

पस्तीस वर्षांनी हाच प्रश्न सबंध समाजापुढे आला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. लगेच दोन्ही बाजूंनी ओरड झाली. सनातन्यांची ओरड आपण बाजूला ठेवू. ती अपेक्षितच होती. आपल्या माणसांच्या मनात मात्र एक व्यवहारी शंका होती. नुकतेच कुठे राजकीय हक्क पदरात पडले आहेत. धर्म बदलला तर ते जातील त्याचे काय? ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी या शंकेला बगल दिली नाही. तिचा त्यांनी सविस्तर विचार केला, आणि राजकीय सवलती कायमच्या टिकणाऱ्या नाहीत, केवळ त्यांच्या भरवशावर बसून राहणाऱ्या समाजाचे काय होईल याचाही विचार करा, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने अनुसूचित जातींचा हुकूम काढला. त्यात हिंदी ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही असे होते, आणि बंगालपुरते बौद्धालाही वगळलेले होते. म्हणजे दरवाजाला कडी कुठे बसणार आहे, हे १९३६ सालीच दिसले होते. बाबासाहेबांना ते दिसले नसेल असे कोणी समजू नये.

स्वतंत्र भारतात १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा हुकूम निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही असे ठरविले. पंजाबकडील शिखांच्या चार जाती तेवढ्या अपवाद ठेवल्या. (या चारांत एक कबीरपंथी होती. रामजी सकपाळांचा पंथ पंजाबच्या शिखांत असता तर कायद्यात बसला असता!) १९५६च्या सप्टेंबरात संसदेने दुरुस्ती करून सगळ्याच शिखांना आत घेतले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. दार शिखांपुरते उघडले होते. बौद्धांसाठी ते उघडायला चौतीस वर्षे लागली.

या चौतीस वर्षांचा इतिहास आपण लिहिलेला नाही, अशी माझी तक्रार आहे. दीक्षेचा सोहळा आपण लिहिला, चळवळीतली भांडणे तर नको तितकी लिहिली. पण दीक्षा घेतल्यानंतर पंचवीस वर्षांच्या पोराने अर्ज समोर ठेवून काय केले, हे कुणी नोंदवून ठेवले नाही. ते नोंदले गेले ते जनगणनेच्या आकड्यांत, आणि तेही मुक्याने.

आकडे पाहावेत. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध किती? २,४८७. १९६१ साली २७ लाख ८९ हजार. जगाच्या इतिहासात दहा वर्षांत असे आकडे फारसे हललेले नाहीत. परंतु १९७१ साली हा आकडा ३२ लाख ६४ हजारांवर आला, म्हणजे वाढ सतरा टक्के. त्याच दहा वर्षांत सबंध राज्याची लोकसंख्या सत्तावीस टक्क्यांनी वाढली. बौद्धांच्या घरी पोरे कमी जन्मली की काय? १९८१ साली ३९ लाख ४६ हजार, वाढ एकवीस टक्के; राज्याची साडेचोवीस. आणि १९९१ साली, म्हणजे कायदा बदलल्यानंतरच्या पहिल्याच शिरगणतीत, ५० लाख ४१ हजार. वाढ जवळजवळ अठ्ठावीस टक्के, राज्याच्या वाढीपेक्षा जास्त. १९७१ आणि १९८१ साली जी माणसे रकान्यात दिसत नव्हती त्यांतली काही कुठे होती, हे मला सांगावे लागू नये. अर्थात एका कारणाने सगळे आकडे उलगडत नाहीत. २००१ साली वाढ पुन्हा सोळा टक्क्यांपर्यंत घसरली, त्याचा अर्थ वेगळा लावावा लागेल. परंतु वीस वर्षे काही घरांत एक धर्म मनात आणि एक धर्म कागदावर नांदत होता, एवढे यातून दिसते.

मी त्या काळातला आहे. माझे वडील मिरज तालुक्यातल्या एका गावचे. येसकरपाळी आमच्याकडे होती. पाटलाच्या दारची हाकाटी, परगावी मौतीचा सांगावा, मेलेले ढोर ओढून नेणे, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी. १९५७ साली आमच्या वस्तीत दीक्षा झाली. वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक एका फडक्यात बांधून कृष्णेत सोडले, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले नाहीत. गावाला प्रतिज्ञा समजल्या नाहीत. पाळी चुकलेली समजली. गोठ्यात बैल मरून पडला होता, तो दोन दिवस तसाच राहिला. तिसऱ्या दिवसापासून वस्तीला रानात मजुरी मिळेना, वाण्याकडे मीठ मिळेना. महार वतन रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात आणले होते. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. आमच्या वस्तीने ती दोन वर्षे आधी स्वतःच रद्द केली होती आणि त्याबद्दल कोणत्याही सरकारने तिला नुकसानभरपाई दिली नाही. वडील गाव सोडून माधवनगरच्या गिरणीत लागले. आम्ही पुढे कुपवाडला आलो.

वडिलांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांच्या श्रद्धेची परीक्षा बैलाच्या प्रेतापुढे झाली. मला लिहिता येत होते, म्हणून माझी परीक्षा रकान्यापुढे झाली.

१९७९ साल. मी सव्वीस वर्षांचा, बी. ए. झालेला. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनांच्या जागा निघाल्या होत्या. वयाची अट पंचवीस; अनुसूचित जातींना पाच वर्षांची सूट. खिडकीतल्या गृहस्थांनी माझा अर्ज वाचला आणि ‘धर्म : बौद्ध’ यावर बोट ठेवले. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, “हिंदू महार लिहा की. काय बिघडतंय? घरी काय करायचं ते करा.” मी अर्ज परत घेतला. बाहेर येऊन झाडाखाली बसलो. नवा कागद माझ्या पिशवीत होता. तो मी भरला नाही.

यात फार मोठे काही केले असे कुणी समजू नये. माझ्याबरोबर माझा एक मित्र होता. त्याच्या घरी आजारी आई आणि तीन बहिणी. त्याने कागद मागून घेतला, ‘हिंदू महार’ लिहिले आणि त्याला नोकरी लागली. मला दोन वर्षांनी शिक्षकाची नोकरी मिळाली, ती कशाने? राज्य सरकारने बौद्धांना सवलती दिल्या होत्या म्हणून. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने अनुसूचित जातींच्या राज्यापुरत्या सवलती धर्मांतरित बौद्धांना चालू केल्या. पुढे राज्याच्या नोकऱ्यांत अनुसूचित जाती व बौद्ध धर्मांतरित यांचा मिळून तेरा टक्के वाटा ठरला. यशवंतराव आपल्याच देवराष्ट्र्याचे. त्यांच्या राजकारणाबद्दल चळवळीत कडू बोलले जाते आणि रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीत त्यांच्या पक्षाचा हात नव्हता असे मीही म्हणणार नाही. परंतु या निर्णयामुळे आमची एक पिढी तगली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. म्हणजे माझा ताठ कणा काही अंशी राज्याच्या तिजोरीवर उभा होता. माझ्या मित्राला ती वाट पाहायला सवड नव्हती, एवढाच आमच्यात फरक.

माझा मित्र कित्येक वर्षे आपल्या बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर लावू शकला नाही. कार्यालयातले कोणी घरी येईल, ही धास्ती. तसबीर आतल्या खोलीत धान्याच्या कणगीमागे. कागदावर खोटे लिहिणारा सुखात असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या खोलीत एक वैशाख पौर्णिमा काढायला हवी होती.

कायदाही चमत्कारिक होता. १९६२ साली नागपूरकडच्या एका राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे म्हणून त्यांच्या निवडीला आव्हान दिले गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निवड रद्द ठरली. त्या निकालात धर्म ‘मानणे’ म्हणजे काय याचा खल झाला. मनात काय आहे ते नव्हे. माणूस आपली श्रद्धा उघडपणे, लोकांना कळेल अशी जाहीर करतो की नाही, यावर गोष्ट ठरली. कायद्याचा सरळ अर्थ झाला की मनातल्या मनात बौद्ध राहा, तुमचे काही जाणार नाही. तोंड उघडलेत तर हक्क गेला. बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती उघड्या मैदानात, तोंडाने प्रतिज्ञा म्हणून घेऊन. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे आमच्या पोरांची कोंडी कशी होती ते समजेल.

या कोंडीविरुद्ध माणसे लढली नाहीत असे नाही. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. भूमिहीनांना जमीन ही त्यातली मुख्य मागणी सर्वांच्या लक्षात आहे. परंतु बौद्धांना घटनेच्या सवलती द्या, ही मागणीही त्या मागणीपत्रात होती. ६ डिसेंबरपासून लाखो माणसे तुरुंगात गेली, बायका कडेवर पोरे घेऊन गेल्या. ज्यांना सरकारी नोकरी कधीच मिळणार नव्हती अशा निरक्षर बायकांनी पुढच्या पिढीच्या अर्जासाठी तुरुंग भोगला. पक्ष पुढे फुटला, गट झाले, गटांचे पुढारी कुणाकुणाच्या ओसरीवर जाऊन बसले. पण मागणी मेली नाही. शंकरराव खरातांसारखी माणसे त्या काळात आपल्या पोरांपुढे होती. आटपाडीच्या महारवाड्यातून निघून ते वकील झाले, ‘प्रबुद्ध भारत’चे संपादक झाले, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९८१ साली त्यांचे ‘तराळ अंतराळ’ आले तेव्हा आमच्या शाळेतली पोरे ते एकमेकांच्या हातून ओढून वाचत होती. तराळाचा पोरगा कुलगुरू होतो, यापेक्षा तो तराळकी न लपवता कुलगुरू होतो, हे त्यांना अधिक भावले.

१९९० साली विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारने कायदा दुरुस्त केला. हुकुमातल्या ‘हिंदू, शीख’ या शब्दांपुढे ‘बौद्ध’ हा शब्द आला. एक शब्द. त्या जूनमध्ये माझा मित्र वर्तमानपत्राची घडी घेऊन घरी आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आता खिळा ठोकायला हरकत नाही.” मी त्याच्याबरोबर गेलो. भिंत दगडाची, खिळा वाकत होता. तिसरा खिळा बसला.

इथपर्यंतची गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या बौद्ध पोराच्या कामाची आहे. पण दुसऱ्याचे काय? आपल्या नियतकालिकांतून ख्रिस्ती दलितांबद्दल फारसे येत नाही, आणि यात आपला थोडा दोष आहे. धर्मांतर म्हणजे आपले धर्मांतर, असे आपण धरून चाललो.

सांगली-मिरजेच्या पट्ट्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम जुने. कोल्हापूरला हे मिशन गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात, १८५२च्या सुमारास आले. डॉ. वानलेस १८८९ साली आले आणि १८९४ साली मिरजेचे इस्पितळ उभे राहिले. सांगलीस मिशनची उद्योगशाळा होती, कोडोलीस शाळा आणि दवाखाना. या शाळा-इस्पितळांतून महारा-मांगांची पोरे सुतारकाम, कंपाउंडरकी, परिचारिकेचे काम शिकली. मिशनऱ्यांच्या हेतूंबद्दल काय बोलायचे ते बोलावे. पण ज्या काळी गावच्या शाळेत आमचा पोरगा दाराबाहेर बसत होता त्या काळी त्याच्या हातात रंधा आणि स्टेथोस्कोप देणारे दुसरे कोण होते, हेही त्याच दमात बोलावे. धर्म घेतल्याने जात गेली का? सोयरीक जुन्या जातीतच होत राहिली. गावाने त्यांना ‘ख्रिस्ती’ म्हटले ते तोंडावर, पाठीमागे जुनेच नाव. आणि सरकारने १९३६ साली व पुन्हा १९५० साली म्हटले, तुम्ही अस्पृश्य नाही.

सुसाई नावाच्या मद्रासकडच्या एका चांभाराचे प्रकरण १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा हा माणूस. सरकारी योजनेतून शेजारच्या हिंदू चांभारांना टपऱ्या मिळाल्या, त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. रस्ता तोच, आरी तीच, ऊन तेच. न्यायालय म्हणाले, धर्म बदलल्यानंतरही जातीचे तेच जाच त्याच तीव्रतेने नव्या धर्मात चालू आहेत, हे पुराव्याने दिसले पाहिजे. पुरावा गोळा करायचा तो कोणी, रस्त्याकडेला बसणाऱ्या चांभाराने? २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. ती अंमलात आली नाही. २०२२च्या ऑक्टोबरात न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, त्याची मुदत पुढे वाढविण्यात आली. राज्याच्या यादीत ही माणसे इतर मागासवर्गात आहेत, तेवढीच त्यांची सोय. आणि २०२४च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीच्या एका बाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की श्रद्धा एका धर्माची आणि केवळ आरक्षणासाठी दावा दुसऱ्या धर्माचा, ही घटनेशी फसवणूक आहे.

तत्त्व म्हणून याला नाव ठेवता येणार नाही. माणसाने मानतो तेच लिहावे. पण हे तत्त्व माणसाला सांगण्याआधी कायद्याने एक करायला हवे होते. खरे लिहिणाऱ्याला दंड होणार नाही अशी व्यवस्था. ती न करता फसवणुकीचा दोष माणसाच्या माथी मारणे म्हणजे मसूरच्या स्टेशनमास्तरांनी पोराला ‘तू आधी का नाही सांगितलेस’ असे दरडावण्यासारखे आहे.

काही तरुण कार्यकर्ते मला म्हणतात, ख्रिस्ती आत आले तर आपला वाटा घटेल. हा हिशेब मला समजतो. उपाशी माणसाला पंगतीत आणखी पान मांडलेले आवडत नाही. परंतु १९९० पूर्वी हाच हिशेब आपल्याविरुद्ध मांडला जात होता, आणि तो मांडणारे काही आपल्याच भाऊबंदांपैकी होते. वाटा वाढवून मागता येतो. चौतीस वर्षे दाराबाहेर उभे राहिलेल्यांनी आत जाताच कडी लावून घ्यावी, हे मला पटत नाही. माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना हे आवडत नाही, हे मी जाणतो.

आता त्या दोघांकडे परत येतो.

बौद्ध पोराला मी सांगितले, बाबा रे, पणजोबाची जात शोधणे म्हणजे जातीत परत जाणे नव्हे. जात लिहिलेला तो कागद तुझ्या घराण्याच्या सोसण्याची पावती आहे. सरकार ती पावती मागते आहे, तर दाखव. मात्र धर्माच्या रकान्यात जे आहेस तेच लिही. आज तुला तसे लिहिता येते ते कुणाच्या तरी तुरुंगवासामुळे. आम्ही दोघे तालुक्याच्या एका जुन्या प्राथमिक शाळेत गेलो. हेडमास्तरांनी कपाट उघडून दिले. वाळवीने कडा खाल्लेल्या रजिस्टरात १९४३ सालच्या पानावर त्याच्या आजोबांचे नाव सापडले. जात : महार. पुढे शेरा : पहिलीतून नाव कमी केले. पोरगा ते पान बराच वेळ पाहत होता. आजोबा शाळेत गेले होते हेच त्याला ठाऊक नव्हते. घरात सगळे त्यांना अडाणीच म्हणत.

ख्रिस्ती पोराला द्यायला माझ्याकडे असा कागद नव्हता. त्याचा कागद सापडला तरी चालत नाही. त्याला मी माझी १९७९ची गोष्ट सांगितली, मित्राचीही सांगितली, आणि दोन्हींतली कोणती कर असे सांगितले नाही. त्याने विचारले, “तुम्हाला पश्चात्ताप झाला का?” मी म्हटले, पहिली दोन वर्षे रोज. वडील गिरणीतून येऊन पगाराची चिल्लर मोजत तेव्हा तर फारच. मग तो कधी कमी झाला ते कळले नाही.

तो काही बोलला नाही. आठवड्याने अर्ज भरून दाखवायला आला. धर्म : ख्रिस्ती. प्रवर्ग : इतर मागासवर्ग. कट-ऑफ वाढणार, हे त्याला माहीत होते. त्याने पाळी बदलून घेतली आहे, रात्रपाळी. दिवसा अभ्यासाला वेळ मिळतो म्हणून. झोप चार तास होते. गणित त्याचे चांगले आहे, इंग्रजी कच्चे. मी इंग्रजीत फारसा कामाचा नाही. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकलेला आमचा एक जुना विद्यार्थी आता विश्रामबागेत राहतो, तो शनिवारी दोन तास देतो म्हणाला आहे. बौद्ध पोरगाही त्याच तासाला जातो. दोघे एका सायकलवर जातात. परीक्षा नोव्हेंबरात आहे.